आत्याची पॉवर

मुंबईत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, कुणी करत नाही, सगळे 'पॉवर' करतात. "मुलाकडे चाललोय, पुतण्याला पॉवर देऊन ठेवलीय," हे इतक्या सहज सांगतात, जणू शेजारी किल्ली ठेवलीय.

माझ्याकडे आत्याची पॉवर आहे. ती न्यू जर्सीला लेकाकडे, ब्लॉक दादरला. तिकडे सही झालेला कागद इकडे पोचला की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा, म्हणून फोर्टच्या खेपाही माझ्याच. मसुद्याची भाषा मला फार आवडते. 'सदर कुलमुखत्याराने केलेली सर्व कृत्ये मी जातीने केली आहेत असे समजून ती मजवर बंधनकारक राहतील.' म्हणजे बिलाच्या रांगेत मी उभा राहिलो तरी कायद्याने आत्याच उभी. गुडघे तेवढे माझे दुखतात.

तरी पॉवर म्हणजे मालकी नव्हे. "पॉवरवर खोली घेतली" असं छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. नुसत्या पॉवरने घर नावावर होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प या कंपनीच्या खटल्याच्या निकालात बजावून सांगितलं. शिवाय देणारा गेला की साधारणपणे पॉवरही संपते. १८७२ च्या करार कायद्यातच तसं आहे. आत्या मात्र याचा सोयीचा अर्थ काढते: "मी आहे तोवरच तुझी ऐट. माझ्या तब्येतीची चौकशी करत जा."

खरी गंमत सोसायटीच्या वार्षिक सभेत. नोंदणी केलेली पॉवर असेल, त्यात विक्रीचा अधिकार लिहिलेला असेल, तर दोन कोटींचा ब्लॉक तिच्या वतीने मी विकू शकतो. पण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला हात वर करू शकत नाही. सहकारी संस्थांच्या कायद्यात मत ज्याचं त्यानेच द्यायचं, दुसऱ्यामार्फत नाही. आणि उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या स्वतःच्या नियमांनुसार, पॉवरवाल्याला सभेत बसताही येत नाही. मला हे पटतं. घर विकायला सही पुरते, पण शेजाऱ्याशी भांडायला माणूस स्वतःच हवा.

आमचे सेक्रेटरी नियमाचे पक्के. प्लास्टिकच्या फोल्डरमधला कागद त्यांनी उलटसुलट वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अहो, कागद एकदम चोख आहे. पण बाहेर थांबा. वडा-चहा मिळेल, त्याला ठराव लागत नाही."

आत्याला कळवलं, तर तिचा मेसेज: "वॉटरप्रूफिंगचे पैसे भरायला चालतोस ना? मग भरून टाक."