तोंड काळं

कोल्हापुरात खरी कॉर्नरला संध्याकाळी मान वर करून उभं राहिलं की मागून हॉर्न ठरलेला. परवा तरीही उभा राहिलो. कॅमेरा मानस्तंभामागचं आकाश असं काही पेटलं होतं की मोबाईल काढावाच लागला. आकाशावर बोट टेकवलं, उजेड खाली ओढला, आणि स्तंभ, विजेच्या तारा, शेजारचा डिजिटल फलक, सगळं एकदम काळं. फलकावरचे वाढदिवसवाले दादा गॉगलसकट गायब, खालच्या ओळीतले शुभेच्छुकही गेले. एवढ्या एका गुणासाठी मला असे फोटो फार आवडतात.

"ओ काका, लाईट लागू दे की, मग काढा. तोंड काळं यायलंय," एक रिक्षावाला जाता जाता म्हणाला.

तोंड काळं म्हटलं की मला रंकाळा तलावच आठवतो. लहानपणी काकांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला आणि झाडून सगळ्यांना चौपाटीच्या कठड्यापाशी उभं केलं. पाठीमागे मावळता सूर्य. "हलू नका रे!" मग रोल संपेपर्यंत वाट बघा, धुऊन येईपर्यंत वाट बघा, आणि हातात आला तो ओळीनं मांडलेला कोळसा. काकूची नवी साडी वाया गेली, ती दोन वेळा जेवायला वाढताना बोलली नाही. आजी मात्र फोटो घेऊन खिडकीशी गेली आणि एकेकावर बोट ठेवत सुटली. "ही आक्का, अंबाडा बघा. ह्यो बाळू, एक खांदा पाडून उभारलाय बापागत. आणि हे आमचं ध्यान, टोपी कपाळावर." माझ्यापाशी आल्यावर थांबायचीही गरज पडली नाही. "ह्याचं कानच सांगत्यात की!"

कान पुढे बरीच वर्षं घरात पुरले.

तेव्हापासून पुतळ्यांनाही मी आजीचीच परीक्षा लावतो. कावळा नाक्यावरच्या ताराराणी घोड्यावर आहेत, तिथं प्रश्नच नाही. नुसते उभे असलेले कोटवाले पुढारी बहुतेक नापास.

आणि इथं मानस्तंभापाशी तर चेहऱ्याची भानगडच नाही, स्तंभ आहे तो एका कॅमेऱ्याचा. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघा भावांनी देशी कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 मध्ये गेले. पुढे सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी 1918 मध्ये कॅमेरा पुरा केला, आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला. म्हणजे आनंदरावांनी तो कॅमेरा चालताना बघितलाच नाही.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्यातल्या चुलत भावानं लगेच विचारलं, "कुठली टाकी रे ही?"

सांगायचं तर आनंदरावांपासून सुरुवात करावी लागली असती. "खरी कॉर्नरची," म्हणून टाकलं.