कळ्यांची वही: शिमग्यापासून म्हाताऱ्या पावसापर्यंत

शिमगा उरकल्यावर ही वही घातली आणि आता म्हातारा पाऊस, म्हणजे पुष्य नक्षत्राचा, लागलाय. आरती प्रभूंची गाणी नुसती ऐकून ज्यांचं समाधान होत नाही, अशा आपल्यासारख्यांसाठी त्यांचे अर्थ शोधताना आजवर काय हाती लागलं ते लिहून ठेवते.

'ये रे घना' मुद्दाम बाजूला ठेवलं. ते गाणं मला प्राणाहून प्रिय आहे, पण त्यावर सगळेच बोलतात. मी घेतली ती मागे पडलेली गाणी, आणि ज्यांचा मुखडा सगळ्यांना पाठ पण अंतरे कुणाच्या ध्यानात नसतात अशी. जोडीला 'जोगवा' (१९५९), 'दिवेलागण' (१९६२) आणि 'नक्षत्रांचे देणे' (१९७५) हे तीन संग्रह उशाशी. छापील कविता आणि गायलेलं गाणं दोन्ही समोर ठेवावं असं माझं ठाम मत आहे. चाल कानात बसली की ओळ कुठे तोडायची ते चाल ठरवते, आणि अर्थ निसटतो.

पद्धत साधी. अर्थ नक्की वाटला तर पेनाने लिहायचा, नुसता सुचला तर पेन्सिलीने. आणि प्रत्येक गाण्याला आधी दोनच प्रश्न विचारायचे: बोलणारं माणूस कुठे उभं आहे, आणि वेळ कुठली आहे? आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईतले, जन्म ८ मार्च १९३०चा. कुडाळात त्यांच्या घरची खानावळ होती. ही माहिती मी जवळ ठेवते, पण तिच्यातून ओळींचा अर्थ काढत नाही. चरित्रातून अर्थ काढायला गेलं की प्रत्येक ओळ दारिद्र्याची आणि दुःखाची होऊन बसते, आणि कवितेतली समई, जाई, पानं कुणी बघतच नाही.

सुरुवात केली 'समईच्या शुभ्र कळ्या' या गाण्याने. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज आशा भोसल्यांचा. इथे मी पहिले काही आठवडे चुकीच्या वाटेवर होते. कळ्या म्हणजे ज्योती, असं मी शाळेपासून धरून चालले होते. पण मग 'शुभ्र' का? आमच्याकडे समईत खोबरेल असतं. रोज तिन्हीसांजेला मी त्या ज्योतीकडे बघत बसायचे. ज्योत पिवळी, बुडाशी निळसर, शुभ्र काही दिसेना. चैत्रातल्या एका संध्याकाळी आई समई घासूनपुसून वाती घालत होती. पाच नाळी, पाच वाती, कापसाची टोकं तेवढी बाहेर आलेली, मिटलेली, पांढरीशुभ्र. ती अजून पेटवलेली नव्हती. त्या क्षणी कळलं की कळी म्हणजे न पेटलेली वात. ओळीत 'उमलवून' आहे. कळी आपोआप उमलत नाहीये, कुणीतरी ती आपल्या हाताने उमलवतंय. ज्योत हे फूल झालं. हा अर्थ पेनाने लिहिला.

मग 'लवते' हे क्रियापद. आईला विचारलं, समई लावताना वाकावं लागतं का? ती म्हणाली, "वाकल्याशिवाय दिवो लागता काय गो?" आमची समई जमिनीवर असते, जेमतेम गुडघ्याएवढी. मी स्वतः केसांत जाईचा वळेसर माळून पाच वाती लावून बघितल्या. तिसऱ्या वातीला मान इतकी खाली गेली की एक फूल सुटून पायाशीच पडलं. गाण्यातही जाई पायांशी पडते. मी त्याला आजवर अलंकार समजत होते, ती तर घडलेली गोष्ट आहे.

आणि ती जाई 'केसांतच फुललेली' आहे. त्या 'च'वर थांबा जरा. माळली तेव्हा कळ्याच होत्या, दिवेलागणीपर्यंत केसांत फुलल्या. म्हणजे एकाच कडव्यात दोन तऱ्हेच्या कळ्या आहेत, एक हाताने उमलवलेली आणि एक आपसूक, नकळत उमललेली. जी नकळत उमलली ती गळून पडते. पुढे 'माहेर बापुडे' येतं तेव्हा हे कडवं मला फार लागतं. सासुरवाशीण बापुडी असते असं आपण ऐकत आलो. इथे ती माहेरालाच बापुडं म्हणते, जसं काही ते मागे एकटं राहिलेलं पोर आहे.

पेन्सिलीने एक गोष्ट लिहिलेली आहे. आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात. पाषाणाला फुलं, कळ्या, पाकळ्या लावायच्या आणि कुठल्या बाजूचं आधी पडतं ते बघायचं. पडलेलं फूल हे इथे उत्तर असतं. दिव्यासमोर वाकलेल्या बाईच्या डोक्यावरून पडलेल्या फुलातही मला कौल दिसतो. पण ओळीत त्याला आधार नाही, म्हणून पेन्सिल.

समईतली कळी उलगडल्यावर तिला इतर गाण्यांत शोधणं आलंच. 'ती येते आणिक जाते' या गाण्यातली ती येताना कळ्या आणते आणि जाताना फुलं मागते. 'ती' म्हणजे प्रेयसी, की कविता, की आठवण, यावर आपल्यात पुष्कळ वाद झालेत. मला त्यापेक्षा वेळेचा प्रश्न मोलाचा वाटला. मोगऱ्याचा बहर होता म्हणून अंगणातल्या झाडावरच्या एकवीस कळ्या दिवस मावळताना तोडल्या आणि ओल्या फडक्यात केळीच्या पानावर ठेवल्या. जेवणं होईपर्यंत पहिल्या चार सैल झाल्या. दहाच्या सुमाराला जवळजवळ सगळ्या उघडल्या होत्या आणि माजघरात वास कोंडला होता. सकाळी कडा तपकिरी.

म्हणजे कळ्या घेऊन येणं आणि फुलं मागणं यांच्यामध्ये बरोबर एक रात्र मावते. हे मी ओढूनताणून आणत नाही. त्याच गाण्यात पुढे, येताना ती गुणगुणते ते 'संध्यागीत' आहे. कवीने वेळ सांगून ठेवली होती, आपण ऐकली नाही. ती तिन्हीसांजेला येते, कळ्या देते, रात्रभर त्या कुणाच्या तरी उशाशी उमलतात आणि उजाडताना ती फुलं मागते. ती देते त्याहून जास्त मागते, आणि मधलं उमलवण्याचं काम ज्याच्याकडे ती येते त्याच्यावर पडतं. हे कळल्यापासून मला 'ती' म्हणजे कविता हाच अर्थ सगळ्यांत जवळचा वाटतो. सुचते ती कळी, लिहून द्यायचं ते फूल.

(सुरंगीचं उलटं. वेंगुर्ल्याकडे सुरंगीची कळी उमलायच्या आत काढावी लागते, तिला बाजार कळीचाच. या गाण्याला सुरंगी चालली नसती.)

आता 'गेले द्यायचे राहून'. यातल्या नक्षत्रांकडे मी कायम आभाळातल्या चांदण्या म्हणून बघत आले. यंदा मृग कोरडा गेला. आर्द्रा लागल्या तेव्हा शेजारचे काका भाताच्या तरव्याकडे (रोपांकडे) बघत म्हणाले, "मिरगान काय्येक दिल्यान नाय." मी तशीच घरात आले आणि वही उघडली. आपल्याकडे नक्षत्र देतं किंवा देत नाही, आणि जे देतं तो पाऊस असतो. मृग, आर्द्रा, मग तरणा (पुनर्वसू), मग म्हातारा, असे तेरा-चौदा दिवसांचे हप्ते. 'नक्षत्रांचे देणे' या शब्दांत हा अर्थ धरला की पुढची 'ओली पाने' एकदम जागेवर बसतात. मोठं देणं राहून गेलं, हाताशी उरल्या कळ्या आणि सरीत भिजलेली थोडी पानं. पानं दवानेही ओली होतात, आणि पुढे रात्र येते तेव्हा चांदण्यांचा अर्थही खराच आहे. म्हणून पाऊस पेन्सिलीने लिहिलाय, पण जरा दाबून.

पेनाने लिहिलेली गोष्ट याच गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आहे. तिथे कळ्यांचं निर्माल्य होतं आणि पानांचा पाचोळा. हे दोन शब्द मी इतकी वर्षं एकाच अर्थाने ऐकत होते: सुकलं, संपलं. आमच्या घरी मात्र या दोन वस्तू दोन जागी जातात. देवावरून उतरवलेली फुलं आई माडाच्या मुळात ठेवते, त्यावर पाय पडू देत नाही. पातेरा, म्हणजे पाचोळा, झाडून शेणगोठ्याकडे लोटला जातो. निर्माल्य व्हायला फूल आधी वाहिलेलं असावं लागतं. न वाहिलेलं फूल सुकलं तर तो केर.

मग त्या कळ्या कुणाला वाहिल्या? 'तुझे' देणं तर राहून गेलंय. म्हणजे कळ्या न उमलताच दुसऱ्या कुठल्यातरी देवापुढे वाहून झाल्या, आणि ज्याचं देणं होतं तो तसाच राहिला. पानांना तेवढंही नशीब मिळालं नाही. 'द्यायचे राहून गेले' यातली खंत आता मला वेगळी ऐकू येते. या माणसाने काहीच दिलं नाही असं नाही, त्याने दिलं ते दुसरीकडे. ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी ते गाणं पुन्हा लावायचा धीर झाला नाही.

तीन गाण्यांत मिळून कळीच्या तीन गती सापडल्या: हाताने उमलवलेली, रात्रीत उमलून परत मागितलेली, न उमलता निर्माल्य झालेली. संग्रहांतल्या बाकीच्या कळ्या अजून मोजायच्या आहेत. 'दिवेलागण' अर्धा झालाय. रोज वीज जाते तेव्हा समईजवळ बसून चार पानं होतात.

मोगऱ्याचा बहर आता सरला, त्यामुळे तो प्रयोग पुन्हा चैत्रातच. तोवर घाटावर राहणाऱ्यांना एक मागणं आहे. तुमच्याकडे अजून चुकार फुलं येत असतील तर दिवस मावळताना तोडलेली कळी किती वाजता उमलते ते बघून कळवा. आमच्याकडची हवा दमट आहे, तुमच्या कोरड्या हवेत वेळ बदलते का, ते वहीत लिहायचंय.