आजींनी पाहिलेला आणि आता कुठेच नसलेला सिनेमा

परवा पुण्याहून भाचीचा मेसेज आला, मावशी तू सोलला राहतेस म्हणजे तुला रोज कुठे ना कुठे शूटिंग दिसत असेल ना. दिसतं कधीकधी. पण खरं सांगू का, गेली दोन वर्षं मी इथले नवे सिनेमे फारसे बघतच नाहीये, मी बघतेय ते १९५५ ते १९६८ मधले, ब्लॅक अँड व्हाइट, आणि तेही एकटी नाही तर खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण आजींबरोबर, दर रविवारी दुपारी, त्यांच्या खालून गरम केलेल्या जमिनीवर मांडी घालून.

आम्ही मांगवोन-दोंगमध्ये बाजाराच्या मागे राहतो. तीन मजली जुनी इमारत आहे, अशा इमारतींना इथे व्हिला म्हणतात. आजी ७९ वर्षांच्या. मला अजून सेदेक म्हणतात, म्हणजे नव्या सुनेला हाक मारतात ना तसं, सहा वर्षं झाली तरी. जॉल्ला भागातल्या एका खेड्यातून १९६२ साली पंधराव्या वर्षी त्या सोल स्टेशनवर उतरल्या आणि एका घरी शिंगमो म्हणून लागल्या. शिंगमो म्हणजे घरातच राहून सगळं काम करणारी मुलगी. त्या काळात खेड्यापाड्यांतून अशा कितीतरी मुली शहरात आल्या, दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा मिळायची, आणि जे काही थोडे पैसे हातात यायचे ते भावाच्या शाळेसाठी गावी जायचे.

सुरुवात झाली ती पावसाळ्यात. कोरियन फिल्म आर्काइव्हने आपले कितीतरी जुने सिनेमे यूट्यूबवर फुकट टाकलेत, इंग्रजी सबटायटल्ससकट, आणि मी लॅपटॉपवर 'हान्यो' लावला होता. १९६० चा, दिग्दर्शक किम की-योंग यांचा. हान्यो म्हणजे मोलकरीण. आजी किमचीचा डबा द्यायला वर आल्या, स्क्रीनवर तो जिना दिसला आणि त्या डबा हातात तसाच धरून खाली बसल्या.

गोष्ट अशी की कापड गिरणीतल्या मुलींना संगीत शिकवणारा एक मास्तर आहे, बायको रात्रंदिवस शिलाई मशीनवर बसून पैसे जमवते, त्यातून दोन मजली नवं घर उभं राहतं, बायको थकते म्हणून घरी एक मुलगी कामाला ठेवतात, आणि मग ते घर आतून कुजत जातं. उंदीर, उंदराचं औषध, पियानो, आणि तो जिना. पूर्ण सांगत नाही, बघा. बोंग जून-हो यांनी आपल्या ऑस्करविजेत्या 'पॅरासाइट'च्या वेळी या सिनेमाचं ऋण उघडपणे मान्य केलंय, आणि एकदा हा जिना पाहिला की 'पॅरासाइट'मधले जिने परत बघावेसे वाटतातच.

मी त्या मोलकरणीला घाबरत होते, कारण सिनेमा तुम्हाला घाबरवायलाच बनवलाय. आजी घाबरल्या नाहीत. त्या एकदम म्हणाल्या, "हिला वर स्वतःची खोली दिलीय?" मग बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या की मी स्वयंपाकघराला लागून एवढ्याशा जागेत झोपायचे, खाली कोळशाच्या विटा जळायच्या, त्यांचा धूर आत आला की माणूस झोपेतच जायचं, रोज रात्री मी दाराला बोटभर फट ठेवून झोपायचे, थंडी वाजली तरी. मी त्या सिनेमावर इंग्रजीत बरंच वाचलं होतं, मध्यमवर्गाची भीती वगैरे, पण ती बोटभर फट कुठल्याच लेखात नव्हती.

किम की-योंग हे अजब माणूस होते. शिकले होते दातांचे डॉक्टर व्हायला, आणि त्यांच्या सिनेमांना पैसा पुरवला तो डेंटिस्ट असलेल्या त्यांच्या बायकोने. मध्ये बरीच वर्षं लोक त्यांना विसरलेच होते. १९९७ साली बुसानच्या फेस्टिव्हलमध्ये त्यांचे सिनेमे एकत्र दाखवले आणि जगभरातून आलेले लोक थक्क झाले, बर्लिनच्या फेस्टिव्हलचं बोलावणं आलं, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये घराला आग लागून नवरा-बायको दोघंही गेले, बर्लिनला निघायच्या आधीच. २०२१ मध्ये कोरियन अभिनेत्री युन यो-जोंग यांना ऑस्कर मिळालं तेव्हा स्टेजवरून त्यांनी आपल्या पहिल्या दिग्दर्शकाचे आभार मानले, ते हेच. बघताना आपल्याकडे किती जणांना ते नाव लागलं असेल माहीत नाही, आजींनी मात्र टीव्हीसमोर टाळी वाजवली होती असं त्या सांगतात.

आणि हा 'हान्यो' आज आपण बघू शकतो हेच केवढं नशीब. मूळ निगेटिव्हमधली दोन रिळं गायब होती. १९९० मध्ये त्या भागाची एक जुनी प्रिंट सापडली, पण तिच्यावर हाताने लिहिलेली मोठीमोठी इंग्रजी सबटायटल्स होती, चित्रावरच. २००८ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींच्या संस्थेच्या मदतीने सिनेमा दुरुस्त केला तेव्हा ती अक्षरं फ्रेमगणिक पुसावी लागली. तेवढा भाग अजूनही जरा वेगळा दिसतो, मऊ, धूसर. आता मला तो भाग आला की कळतं.

म्हणजे परदेशी लोकांसाठी बनवलेली प्रत वाचली आणि घरातली हरवली. हे एकदाच झालं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. पण 'ओबालथान' म्हणजे भरकटलेली गोळी, या सिनेमाचंही तेच. १९६१ चा, दिग्दर्शक यू ह्यॉन-मोक. उत्तर कोरियातून पळून आलेलं एक कुटुंब सोलच्या डोंगरउतारावर हेबांगचोन नावाच्या वस्तीत पत्र्यालाकडाच्या झोपडीत राहतंय. मोठा भाऊ कारकून, दाढ दुखतेय पण काढायला पैसे नाहीत, धाकटा युद्धातून जखमी होऊन आलेला आणि बेकार, बहीण अमेरिकन सैनिकांबरोबर जाते, आणि वेड लागलेली आई अंथरुणातून सारखी ओरडते, "काजा!" म्हणजे चला, जाऊया. बस एवढंच. सिनेमा एप्रिल १९६१ मध्ये लागला, मे महिन्यात पार्क चंग-ही यांच्या लष्कराने सत्ता घेतली, आणि सिनेमावर बंदी आली. म्हातारी कुठे जाऊया म्हणतेय, उत्तरेतच ना, असा संशय! पुढे १९६३ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या फेस्टिव्हलला गेला, आणि निगेटिव्ह नंतर हरवलं तरी तिकडे जायला केलेली इंग्रजी अक्षरांची प्रिंट राहिली, तीच आज जगाकडे आहे.

हेबांगचोनला आम्ही दोघी बसने गेलो होतो गेल्या शरदात. आता तिथे कॉफी शॉप्स आहेत, पण चढ तोच, आजींना तीनदा थांबावं लागलं. 'काजा' ऐकताना मला मात्र सबटायटल लागलंच नव्हतं, आणि त्या दिवशी उतारावर आजी श्वास घेऊन उठल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, काजा, तर माझ्या अंगावर काटा आला.

कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबलं तेव्हा या शहरात उभं असं फार काही राहिलं नव्हतं. १९५४ मध्ये सरकारने देशी सिनेमांच्या तिकिटावरचा कर माफ केला आणि मग सगळे जणू तुटूनच पडले. १९५९ मध्ये वर्षाला शंभरावर सिनेमे, १९६९ मध्ये २२९. त्या एका वर्षात १७ कोटींहून जास्त तिकिटं खपली, देशाची लोकसंख्या साधारण ३ कोटी, म्हणजे माणशी पाच-सहा सिनेमे, तान्ही बाळं धरून. सगळा कारभार चुंगमुरो या एका रस्त्याभोवती. शूटिंगला आवाज घ्यायचेच नाहीत, नंतर स्टुडिओत डबिंग, आणि तेही बरेचदा नटांच्या नाही तर रेडिओ नाटकवाल्यांच्या आवाजात, त्यामुळे आजी चेहरा न बघता आवाजावरून माणूस ओळखतात, भाजी निवडता निवडता म्हणतात, हा तो रेडिओवरचा. तो काळ सोन्याचा होता असं पुस्तकात लिहितात पण सेन्सॉर डोक्यावर बसलेलाच होता. दिग्दर्शक ली मान-ही यांना १९६५ मध्ये अटक झाली, का तर त्यांच्या सिनेमात उत्तरेचे सैनिक माणसांसारखे दिसले. यू ह्यॉन-मोक त्यांच्या बाजूने जाहीर बोलले तर त्यांच्यावरही खटला. पुढे १९६८ मध्ये ली मान-हींनी 'ह्यूइल' केला, म्हणजे सुट्टीचा दिवस, खिशात पैसे नसलेल्या एका जोडप्याचा एक रविवार. सेन्सॉर म्हणालं शेवट बदला, नायक केस कापून सैन्यात भरती होताना दाखवा. बदलला नाही. सिनेमा लागलाच नाही, आणि २००५ मध्ये आर्काइव्हच्या गोदामात सापडला. ली मान-ही १९७५ मध्येच गेले होते, पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

शिन सांग-ओक आणि चोई उन-ही यांच्याबद्दल मला सगळेच विचारतात, दिग्दर्शक आणि नटी, १९७८ मध्ये दोघांना हाँगकाँगहून उत्तर कोरियाने पळवून नेलं, तिथे सिनेमे करायला लावले आणि १९८६ मध्ये व्हिएन्नात ते निसटले. खरी गोष्ट आहे. पण आजी म्हणतात, पळवण्याचं सगळे सांगतात, तिने काम काय केलंय ते कुणी बघत नाही. म्हणून इथे एवढंच. तिचा १९५८ चा 'जिओखह्वा' म्हणजे नरकातलं फूल, तो बघा.

मला सगळ्यात जवळची वाटते ती पार्क नाम-ओक. कोरियातली पहिली बाई दिग्दर्शक. १९५५ मध्ये 'मिमांगइन' म्हणजे विधवा, एवढा एकच सिनेमा तिने केला, बहिणीच्या पैशावर, १६ एमएमवर. मूल काही महिन्यांचं, ते पाठीला बांधून कॅमेऱ्याशेजारी उभी, आणि युनिटचा स्वयंपाकही तीच करायची. तो फोटो आहे, पाठुंगळीला बाळ असलेला, मी फ्रिजवर लावलाय. माझी मुलगी तान्ही असताना मी नोकरी सोडली होती, तेव्हा हा फोटो मला माहीत असता तर काय केलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते. हा सिनेमाही पूर्ण उरलेला नाही. शेवटाकडे आवाज जातो, ओठ हलतात आणि काही ऐकू येत नाही, आणि मग शेवट नाहीच. आवाज गेल्यावर आजींनी लॅपटॉप जवळ ओढला आणि स्वतःच बोलायला लागल्या, ती बाई काय म्हणत असेल ते, तो काय म्हणत असेल ते, अगदी जुन्या रेडिओच्या सुरात. मी थांबवलं नाही.

पुण्यात लॉ कॉलेज रोडवरून मी वर्षानुवर्षं गेले, फिल्म आर्काइव्हच्या फाटकावरून, एकदाही आत गेले नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे आपल्याकडे तुकडेच उरलेत, 'आलम आरा' तर एक रीळ नाही. त्या पुण्याच्या आर्काइव्हच्या पी. के. नायर साहेबांनी जन्मभर फिल्मचे डबे गोळा केले म्हणून जे आहे ते आहे. हे सगळं मला इथे सांगाम-दोंगच्या आर्काइव्हच्या तळघरातल्या थिएटरात बसून कळलं, आणि तिथे तिकीटही लागत नाही, म्हातारे लोक टोप्या घालून दुपारपासून येऊन बसतात.

टोप्यांवरून आठवलं. मी आजींना विचारलं, एवढे सिनेमे गेले कुठे हो? त्या म्हणाल्या, आमच्या गावात उन्हाळी गवती टोप्या मिळायच्या ना, त्यांना कडेने जुन्या फिल्मची पट्टी लावलेली असायची, चकाकायची छान, आम्ही पोरं शेतात ती उन्हाला धरून आत कोण माणूस आहे ते बघायचो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. ली मान-हींचा १९६६ चा 'मानचू', म्हणजे सरता शरद, इथे कुणीही जाणकार सगळ्यात उत्तम म्हणून ज्याचं नाव घेईल असा सिनेमा, आणि तो नाहीये. एकही प्रिंट नाही. त्याच्यावरून पुन्हा पुन्हा सिनेमे झाले, जपानमध्येही झाला, पण मूळ नाही. मी हे आजींना हळहळून सांगत होते आणि त्या लसूण सोलत होत्या, म्हणाल्या, तो? तो मी बघितलाय की.

मी फोनचं रेकॉर्डिंग लावलं. तुरुंगातून काही दिवसांच्या सुट्टीवर सोडलेली एक बाई आहे, आगगाडीत तिला एक माणूस भेटतो, त्याच्याही मागे पोलीस. एवढं पुस्तकातही आहे. पण आजी सांगत होत्या ते असं, की दोघं फार बोलतच नाहीत, थिएटरमध्ये शेंगा सोललेलं ऐकू येत होतं एवढी शांतता, बरोबर शेजारच्या घरची शिंगमो होती ती मध्यंतरापासूनच रडत होती, थंडी होती, माझ्या बुटात पाणी शिरलं होतं आणि मालकीणबाई आठच्या आत या म्हणाली होती. मग बाग येते, बाकडं येतं. मग आजी परत बुटावर येतात. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, त्यात सिनेमा कुठे संपतो आणि आजींचं एकोणिसावं वर्ष कुठे सुरू होतं ते मला अजून वेगळं करता आलेलं नाही, आणि खरं तर मी करतही नाहीये.

शेवटी शेवटी गल्लीतून कांदेवाल्याचा ट्रक येतो, लाऊडस्पीकर लावून, आणि आजींचं शेवटचं वाक्य त्यात बुडालंय. दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन विचारलं, आजी, काल शेवटी तुम्ही काय म्हणालात? त्यांनी जरा आठवलं. म्हणाल्या, काही नाही गं, ती बसलेली असते, आणि पानं पडत असतात.