दोन नवे पाहुणे, क्वारंटाइनचा सहावा आठवडा

माझे जुने तिघं साप मजेत आहेत. दोन्ही कॉर्न स्नेक वेळेवर खातायत, सँड बोआ नेहमीसारखा वाळूत गाडून घेऊन बसलाय, त्याचे फक्त डोळे दिसतात. नवीन म्हणजे एक बॉल पायथन (अजगराची छोटी जात) मादी आणि एक वेस्टर्न हॉगनोज (वर वळलेल्या नाकाचा छोटा साप) नर, दोन्ही कॅप्टिव्ह ब्रेड, म्हणजे पाळलेल्या सापांची, दोन्ही पिल्लंच.

दोघांना वेगळ्या खोलीत ठेवलंय, यावेळी पूर्ण ९० दिवस. मागच्या वेळी मी दोन आठवड्यांतच कंटाळून नवा कॉर्न स्नेक जुन्यांच्या रॅकमध्ये (सगळ्यांचे टब ठेवायची मांडणी) सरकवला होता आणि मग एक दिवस पाण्याच्या वाटीत मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके दिसले, एक बोटावर घेतला तर चालायला लागला. माइट्स, सापाचं रक्त पिणारे परजीवी! दीड महिना रॅक धूत बसलो होतो. म्हणून आता खाली पांढरा टिश्यू पेपर, चिमटे आणि वाट्या वेगळ्या, आणि रोज आधी जुन्यांचं आवरायचं मग नव्यांचं, उलट कधीच नाही. पायथनचा स्वॅबसुद्धा निडोव्हायरससाठी (अजगरांच्या श्वसनमार्गाचा विषाणू) तपासून घेतला, निगेटिव्ह आला, कारण वरून ठणठणीत दिसणारा पायथनही तो घेऊन फिरत असतो.

पायथनबाईंनी मात्र घाम काढला. आली तेव्हा १४२ ग्रॅम, पहिला आठवडा हातही लावला नाही, आठव्या दिवशी उंदीर दिला तर मान फिरवली, पंधराव्या दिवशी परत तेच आणि वजन १३६. मग लक्षात आलं की हाइडच (लपायची डबी) मोठी आहे, बिचारी आत मधोमध उघड्यावर बसल्यासारखी बसायची. अंगाला भिंती टेकतील एवढी छोटी हाइड ठेवली, गरम बाजू ३२ डिग्री आहे ना ते टेंपरेचर गनने परत बघितलं, टबवर टॉवेल टाकला. बाविसाव्या दिवशी फ्रोझन उंदीर नीट वितळवून त्याचं डोकं गरम पाण्यात जरा जास्त तापवलं (ओठांवरच्या खाचांनी त्यांना उष्णता कळते) आणि हाइडच्या तोंडाशी धरला. खट्! चिमट्यासकट ओढला. तेव्हापासून तीन वेळा खाल्लंय, आज १६१ ग्रॅम.

हॉगनोज जेमतेम ११ ग्रॅमचा, पण नखरे नागाचे. टब उघडला की मान चपटी करून फूत्कार आणि तोंड मिटूनच नाकाने धडका. चावणं शून्य. खातो बिनतक्रार. फक्त टिश्यूत उकरता येत नाही म्हणून नाक घासत फिरायचा, मग कागदाच्या पट्ट्यांचा ढीग दिला, दोन मिनिटांत आत गडप. कात मात्र तुकड्यांत निघाली, शेपटीच्या टोकावर टोपी अडकली होती, ओल्या कापडातून दोनदा सरकू दिला तेव्हा सुटली.

काल संध्याकाळी पायथनचे डोळे निळसर दिसले. म्हणजे कात टाकायची वेळ आली, या आठवड्यात उंदीर बंद, हाइडमध्ये ओलं मॉस घातलंय, हिची तरी कात अख्खी निघते का बघू.