वीस जीबीसाठी तीन रात्री

"फॉरमॅट मारावं लागेल, वहिनी." जुन्या कॉम्प्युटरमध्ये हार्डडिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे जास्त वेगाने चालणारी डिस्क, बसवून घ्यायला सांगलीतल्या तीन दुकानांत मी गेले आणि तिन्ही ठिकाणी हेच वाक्य ऐकून परत आले. त्याचा राग अजून गेलेला नाही. कॉम्प्युटरमध्ये काय आहे, हे एकानेही विचारलं नाही.

मी घरी डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवायचं काम करते. कॉम्प्युटर २०११ चा, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, विंडोज ७ आणि ५०० जीबीची हार्डडिस्क. त्यात पानं जुळवायचं पेजमेकर ७ आहे आणि युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे. त्या सॉफ्टवेअरची सीडी चरे पडून केव्हाच निकामी झाली. तो फॉन्ट नसेल तर माझ्या जुन्या फाइलीत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. पतसंस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, त्यामुळे ऑगस्ट महिना अहवालांचा. दरवर्षी मागच्या वर्षीची फाइल उघडायची आणि आकडे बदलायचे, असंच ते काम चालतं. फॉरमॅट मारला असता तर हे सगळं पुसलं गेलं असतं.

आहे तसं विंडोज, फॉन्टसकट, उचलून एसएसडीवर न्यायचं, म्हणजे क्लोन करायचं, असं मी ठरवलं. पुण्यातला माझा भाचा फोनवर सोबतीला होता. क्लोनेझिला हे क्लोन करायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेणं, केबिनेट उघडणं, केबली जोडणं यात फार काही नाही. अडीच इंची एसएसडी जुन्या केबिनेटच्या साडेतीन इंची खाचेत बसत नाही, एवढंच लक्षात ठेवा. त्यासाठी पत्र्याची पट्टी मिळते, ती एसएसडीबरोबरच घ्या.

गाडं अडलं ते क्लोनला. डिस्क लहान आहे म्हणून क्लोनेझिलाने नकार दिला. दुकानदाराने मला ४८० जीबीची एसएसडी दिली होती. "पाचशेच्या जागी हीच चालते," असं म्हणाला होता. नवं विंडोज टाकायचं असेल तर चालतेच, पण क्लोनला नाही. विंडोजमध्ये जुनी डिस्क ४६५ जीबी दिसत होती आणि नवी ४४७. फरक १९,०७७ एमबीचा. डी ड्राइव्हवर तर १९० जीबी मोकळी पडलेली! मग काय, डी ड्राइव्ह आखडायचा आणि पुढे जायचं, असं मला वाटलं.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी वर राइट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम दाबलं. चौकट उघडली. आखडता येईल अशी जागा: १,२०० एमबीच्या आसपास. आकडा मी पुन्हा वाचला. १९० जीबी मोकळी आणि सोडायला तयार दीड जीबीसुद्धा नाही. डिस्कवरचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणारं डीफ्रॅग लावून झोपले. सकाळी पाहते तर आकडा तोच.

दुसऱ्या रात्री भाचा म्हणाला, "मावशी, तू इव्हेंट व्ह्यूअर उघड. विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन. त्यात २५९ नंबरची नोंद शोध." ही गोष्ट मला एकाही दुकानात कुणी सांगितली नव्हती. श्रिंकची चौकट उघडली की विंडोज तिथे एक नोंद करून ठेवतं, आणि जागेवरून न हलणारी शेवटची फाइल कोणती, तिचं नाव त्यात असतं. ड्राइव्ह शेवटाकडून आखडतो. वाटेत अशी एक जरी फाइल आली तरी तिच्या अलीकडे तो सरकत नाही, मग आत कितीही जागा मोकळी असो.

माझ्याकडे आधी निघालं सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, म्हणजे रिस्टोअर पॉइंट, विंडोज मागच्या स्थितीत नेण्यासाठी ठेवलेला साठा. डी वरचं सिस्टिम प्रोटेक्शन बंद केलं, पुन्हा श्रिंक. आकडा सहा हजारांवर गेला. २५९ ची नवी नोंद पाहिली, आता पेजफाइल, म्हणजे मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल. सी ड्राइव्ह भरतो म्हणून पूर्वी कुणीतरी ती डी वर टाकून दिली होती. व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती सी वर घेतली आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. चार मिनिटं नुसती वाट बघायची. अकरा हजार. तोवर रात्रीचा दीड वाजला होता. सकाळी एका पतसंस्थेचे सचिव प्रूफ न्यायला येणार होते, म्हणून तिथेच थांबले.

तिसऱ्या रात्री यूएसएन जर्नल निघालं. डिस्कवर काय काय बदललं याची विंडोजने ठेवलेली वही म्हणा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि एफएसयुटिलच्या आज्ञेने ती पुसायची. विंडोजला लागली तर ते नवी तयार करतं. पुसली, श्रिंकची चौकट उघडली, आणि आकडा १,४०,००० च्या वर! मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेले आणि पाणी प्यायले. मग परत येऊन २५,००० एमबी काढून घेतले. अगदी मोजून काढू नका, थोडी सैल जागा ठेवा.

एवढं करूनही क्लोनेझिला आधी डिस्कचा एकूण आकार बघतं आणि पुन्हा नाहीच म्हणतं. एक्स्पर्ट मोडमध्ये जाऊन आय-सी-डी-एस अक्षरांचा पर्याय निवडायचा, म्हणजे आकाराची तपासणी ते सोडून देतं. शेवटचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा शेवटचा भाग, नव्या डिस्कच्या हद्दीत बसत असेल तरच हे करा. कुठून कुठे कॉपी होणार, ते डिस्कच्या नावासकट दोनदा वाचा. उलटं झालं तर कोरी डिस्क तुमच्या भरलेल्या डिस्कवर चढेल.

क्लोन झाल्यावर जुनी डिस्क काढून ठेवली आणि नुसत्या एसएसडीवर कॉम्प्युटर सुरू केला. चार मिनिटांच्या जागी चाळीस सेकंद. पण मला ओढ होती ती फाइल बघण्याची. मागच्या वर्षीचा अहवाल उघडला. 'प्रतिज्ञापत्र', 'वैधानिक', 'लेखापरीक्षण' सगळं जागच्या जागी. 'ज्ञ'सुद्धा नीट. तीन दुकानांनी नाही म्हटलेलं काम माझ्या घरी, माझ्या टेबलावर झालं होतं.

एक सांगायचं राहिलं. सगळ्यात आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. ती 'कॉशन', म्हणजे धोक्याचा इशारा, दाखवत असेल तर आखडण्याच्या भानगडीत पडू नका, आधी डेटा बाहेर काढा. आणि बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सॅटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, आयडीई असेल तर तो घाईने एएचसीआय करू नका. विंडोज ७ आयडीई मोडवर टाकलेलं असेल तर निळा पडदा येतो, म्हणजे विंडोज सुरूच होत नाही. आधी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, एमएसएएचसीआयच्या स्टार्टची किंमत शून्य करायची, मग बायोस बदलायचं. एच६१ वर सॅटा २ ही जुनी, कमी वेगाची जोडणीच आहे, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, पण जुन्या हार्डडिस्कपुढे तो फरक जाणवतही नाही. हा कॉम्प्युटर मी नेटला जोडत नाही, कारण विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाले.

आणि डिस्क ५०० ची असेल तर एसएसडीच्या खोक्यावर ५०० लिहिलेलं बघूनच पैसे द्या. जुनी हार्डडिस्क मी पुसलेली नाही. तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहे, यंदाचे सगळे अहवाल छापून होईपर्यंत.