सांगितलेली रेस्ट

आपल्याकडे रेस्ट कुणी आपणहून घेत नाही, ती सांगावी लागते. "डॉक्टरांनी रेस्ट सांगितलीय" हे वाक्य माणूस ज्या सुरात उच्चारतो, त्यात काळजी असते आणि थोडी ऐटही असते. नुसतं "दमलोय, पडतो जरा" म्हणून बघा, घरातली एक तरी भुवई वर जाते. तेच "रेस्ट सांगितलीय" म्हटलं की उशाशी तांब्याभांडं येतं आणि टीव्हीचा आवाज खाली जातो. आराम आळशी लोक करतात, विश्रांती मंत्री घेतात. रेस्टला मात्र लेटरहेड असतं, खाली सही असते.

तिच्यातही पायऱ्या आहेत. साधी रेस्ट, बेड रेस्ट आणि कम्प्लीट बेड रेस्ट. ही तिसरी पदरात पडली की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. "तुम्ही उठू नका हं अजिबात" असं म्हणून मंडळी दीड तास बसतात, चुलत मेव्हण्याचा मणका कसा सरकला ते साद्यंत सांगतात, आणलेलं शहाळं आपल्यालाच फोडायला लावतात. रेस्ट घरातल्या बाईला सांगितली असेल तर ती पडल्या पडल्या आत आवाज देते, "चहा टाका रे, साखर खालच्या कप्प्यात आहे! तो नाही, निळ्या झाकणाचा!" स्वयंपाकघर तेच, फक्त आता ते रिमोटवर चालतं.

माझं लहानपण भुसावळला, रेल्वे कॉलनीच्या कडेला गेलं. तिथे रेस्टचा संबंध आजारपणाशी नव्हता, ड्यूटीशी होता. शेजारचे काका मालगाडीवर ड्रायव्हर होते. लोको पायलट हा रुबाबदार शब्द तेव्हा आमच्या गल्लीत पोचला नव्हता. दुपारी आम्ही अंगणात विटीदांडू मांडला की काकू दारात येऊन ओठांवर बोट ठेवायच्या, "काका रेस्टला आहेत." काका झोपलेत, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. रजेवर आहेत, असंही नाही. रेस्टला! जणू तेही लाइनीवरचं एखादं स्टेशन होतं. आतल्या खोलीच्या खिडकीला त्यांनी गोधडी ठोकलेली होती, म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं ऊन डोळ्यांवर येऊ नये.

रेल्वेत या रेस्टचं गणित पक्कं असतं. ड्यूटी आठ तासांची किंवा त्याहून मोठी झाली तर मुख्यालयात, म्हणजे राहत्या गावी, १६ तास रेस्ट. बाहेरगावी असेल तर रनिंग रूम, तिथे खाट, जेवण, सगळी व्यवस्था. पण घरच्या १६ तासांत गिरणीतून दळण आणायचं, गॅसचा नंबर लावायचा, मुलाच्या शाळेतून बोलावणं आलेलं असायचं. "झोप खरी इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये लागते," असं काका एकदा सगळ्यांदेखत म्हणाले आणि काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. रेस्ट संपत आली की ड्यूटीचं बोलावणं घेऊन कॉल बॉय सायकलवरून यायचा. बॉय कसला, पन्नाशीचा बाप्या! वही पुढे करायचा, काका पेंगुळल्या डोळ्यांनी सही करायचे, डबा भरला जायचा. इकडे आमची विटी पुन्हा उडायला मोकळी.

इंग्रजीत म्हणे रेस्ट हे दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं एक. विसाव्याचा रेस्ट जर्मन-डच भाषांच्या घराण्यातला, आणि 'बाकीचं, उरलेलं' या अर्थाचा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. एकमेकांचे कोणी लागत नाहीत. आपल्याकडे मात्र त्यांचा संसार छान चालतो. रविवारी सगळ्यांची रेस्ट असते आणि उरलेलं सगळं एकीच्या अंगावर येतं. रेस्टॉरंटचा तर दोघांशीही संबंध नाही. शक्ती भरून आणणाऱ्या फ्रेंच सूपला तो शब्द होता, तो पुढे दुकानाला चिकटला. आणि रेस्टरूमबद्दल काय बोलावं! पहिल्यांदा विमानतळावर ती पाटी वाचून माझे एक काका "चला, जरा पाय पसरू" म्हणून आत गेले होते.

सरकारी रेस्ट हाऊसचं मराठी 'शासकीय विश्रामगृह' असं झालं. सार्वजनिक बांधकाम खात्याची ती बैठी, कौलारू, व्हरांड्याची इमारत, समोर गोल हौद आणि त्यात पाणी सोडून सगळं. जिल्ह्यात इतकी गजबजलेली दुसरी जागा नसेल. मंत्रिमहोदय विश्रामगृहावर उतरले की निवेदनं घेऊन तीन शिष्टमंडळं, दोन पत्रकार, बदलीवाले शिक्षक आणि नाराज गट अशी सगळी पलटण व्हरांड्यात उभी. युत्या तिथे जुळतात आणि तिथेच फुटतात. विश्राम तेवढा कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. पण शाळेतच आपल्याला त्याची सवय लावलेली असते म्हणा. पीटीचे सर "सावधान!" म्हणायचे तेव्हा टाचा जुळायच्या आणि "विश्राम!" म्हटलं की पाय फाकवून, हात पाठीमागे बांधून ताठ उभं राहायचं. मान खाजवली तर छडी. विश्राम म्हणजे उभं राहण्याचाच एक प्रकार, हे इतक्या लहान वयात शिकवणारी दुसरी शाळा जगात असेल असं वाटत नाही.

क्रिकेटमध्ये एक रेस्ट डे होता. पाच दिवसांची कसोटी सहा दिवस चालायची, मध्ये एक दिवस दोन्ही संघ हातावर हात ठेवून. १९७९ साली ओव्हलवर गावसकरांनी चौथ्या डावात २२१ काढल्या, ती कसोटी ३० ऑगस्टला सुरू होऊन ४ सप्टेंबरला संपली. मधला रविवार रेस्टचा. पुढे तो दिवस गेला. २०२४ मध्ये गॉलला श्रीलंका-न्यूझीलंड कसोटीत तो पुन्हा उगवला, तोही राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानासाठी. आता रेस्ट डे गेला आणि 'रेस्ट दिली' आलं. एखाद्याला रेस्ट दिल्याची बातमी आली की आपल्या चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न असतो, "रेस्ट दिली की काढला?" इतक्या सभ्य शब्दाच्या पोटात काय दडलंय, ते टपरीला बरोबर कळतं.

रविवारची गोष्ट निघालीच आहे तर नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आठवड्याची सुट्टी नव्हती. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभेतून मागण्या पुढे केल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार. मागितलं होतं इतकंच. रविवार पदरात पडायला १० जून १८९० उजाडलं. त्यातून रविवार खंडोबाचा वार, म्हणजे जेजुरीहूनही हरकत नव्हती. आज रविवारी साडेदहाला अंथरुणात लोळत पोह्यांची वाट पाहणारा माणूस कुणाच्या कमाईवर लोळतोय, हे त्याच्या गावीही नसतं. पोहे करणारीचा रविवार अजून कुठल्याच सभेने मागितलेला नाही, ते वेगळं.

माणसांचं सोडा, आपल्याकडे बैलालाही रेस्ट पंचांग बघूनच मिळते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू घासून निबर झालेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची, दुसऱ्या दिवसाचं आवतण द्यायचं. श्रावणी अमावास्या सरली की मान परत जुवाखाली.

आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे आपला पंढरीचा विठोबा. आषाढी एकादशीला देव झोपी जातात, म्हणून ती देवशयनी. चार महिने अख्खा देवलोक रेस्टला. नेमक्या त्याच दिवसांत पंढरपुरात देवाची झोप बंद असते. यात्रेच्या आधी चांगला दिवस बघून शेजघरातला पलंग बाहेर काढतात. पलंग निघाला की शेजारती नाही, काकडा नाही, दर्शन चोवीस तास. झोपलाच नाही तर उठवायचं कुणाला? देवाच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड लावतात, रखुमाईला तक्क्या देतात. बस्स, एवढीच सवलत! अठ्ठावीस युगं उभ्या असलेल्या माणसाला टेकायला लोड द्यावा, हे ज्याला सुचलं त्याने नक्की कधी तरी रात्रपाळी केलेली असणार. माझ्या डोळ्यांसमोर दर वेळी गोधडी ठोकलेली ती खिडकी येते.

यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा. लाखो कपाळं टेकून टेकून चिकट झालेल्या पायांना लिंबू-साखर चोळायची, गरम पाण्याने न्हाऊ घालायचं. रात्री शीण उतरावा म्हणून औषधी काढा. म्हणजे देवालासुद्धा आपण नुसतं "पड जरा" म्हणत नाही, काढा देऊन रीतसर रेस्ट सांगतो. पलंग परत आत जातो, शेजारती होते, आणि पहाटे काकड्याला ड्यूटी सुरू. बाकीचे देव अजून चातुर्मासाच्या झोपेत. ते उठतात कार्तिकीला. तेव्हा पंढरपुरात पुन्हा पलंग निघालेला असतो.