रिकाम्या हातांनी परतलेल्यांचे शौर्य

खाणीत अडकलेल्यांपैकी किती जण जिवंत बाहेर आले, यावरून त्यांच्यासाठी आत उतरणाऱ्यांचे धैर्य मोजू नये, असे मला मनापासून वाटते. आणि इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील व्हाइटहेवनची हकिकत वाचल्यापासून हे मत अधिकच पक्के झाले आहे.

तेथील वेलिंग्टन कोळसा खाणीचे बोगदे समुद्राच्या तळाखाली दूरवर गेलेले होते. ११ मे १९१० रोजी संध्याकाळी आत स्फोट होऊन आग लागली आणि १३६ माणसे व मुले मरण पावली. त्यांचे सहकारी धूर, उष्णता आणि विषारी वायू यांतून पुन्हा पुन्हा आत गेले, शेफील्डहून श्वसनयंत्रे घेऊन माणसे आली, परंतु अडकलेल्यांच्या वाटेवरच आग धगधगत असल्याने पलीकडे कोणालाही पोहोचता आले नाही. अखेरीस, खाणीच्या तोंडाशी नातलग ताटकळत उभे असताना, हवा तोडून आग विझवण्यासाठी खाण बंद करण्याचा कठोर निर्णय घ्यावा लागला. मृतदेह काही महिन्यांनी बाहेर आले. बचावपथकांना एकाही माणसाला जिवंत आणता आले नाही. तरीही त्यांतील साठाहून अधिक जणांना एडवर्ड पदक देण्यात आले, आणि ते सर्वथा योग्यच होते.

खास खाणींतील शौर्यासाठीचे हे पदक १९०७ मध्ये सुरू झाले. त्याआधी १८६६ पासून अल्बर्ट पदक होते, पण ते समुद्रातील बचावासाठी. वेल्समधील टिन्यूविड खाणीत १८७७ च्या एप्रिलमध्ये पाणी घुसले, तेव्हा ते जमिनीवरील शौर्यालाही लागू झाले. तेथे अडकलेली माणसे दाबल्या गेलेल्या हवेच्या आधारावर जिवंत होती, त्यामुळे मधली कोळशाची भिंत फोडणेच धोक्याचे होते: पहिल्या ठिकाणी भोक पडताच हवा इतक्या वेगाने सुटली की आतल्या एकाचा त्यातच मृत्यू झाला. हे पाहूनही खाणकामगार दुसऱ्या ठिकाणी खोदत राहिले आणि नऊ दिवसांनंतर आणखी पाच जणांना त्यांनी बाहेर काढले.

आपल्याकडे १९६१ पासून जीवन रक्षा पदके दिली जातात. राणीगंजच्या महाबीर खाणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये पाणी शिरले, तेव्हा जसवंतसिंग गिल पोलादी कॅप्सूलमधून स्वतः खाली उतरले आणि ६५ जणांना वर पाठवूनच वर आले. त्यांना १९९१ मध्ये सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळाले. या सन्मानाविषयी दुमत असण्याचे कारणच नाही. माझी इच्छा एवढीच आहे, की अशाच पाण्यात किंवा वायूत उतरून ज्यांना कोणीही जिवंत सापडले नाही, त्या खाणकामगारांची नावेही शिफारशीच्या यादीत तितक्याच आग्रहाने लिहिली जावीत.